तुरटीआत्याचा ढग

आमच्या आत्याला दोन नावं आहेत. एक तिच्यासमोर घ्यायचं आणि एक ती खोलीबाहेर गेल्यावर. दुसरं म्हणजे तुरटी. हे नाव तिला जलशुद्धीकरण केंद्रात पडलं, कारण तिचं अख्खं आयुष्य तुरटीबरोबर गेलं. घरात ते टिकलं, कारण तिच्याशी बोलून आलेल्या माणसाचं तोंड तसंच होतं. दोन्ही कारणं तिला ठाऊक आहेत. पहिल्याचा तिला अभिमान आहे आणि दुसऱ्याचा थोडा जास्त.

तिचं काम सांगायला सोपं आहे. नदीचं पाणी केंद्रात येतं ते कधी काळ्या चहासारखं, कधी दूध घातलेल्या. त्यात मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपणहून खाली बसायला तयार नसतात. तुरटी घातली की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके तळाला जातात. आता तुरटी किती घालायची? ते नदीच्या मूडवर. म्हणून रोज सकाळी तपासणीच्या खोलीत टेबलावर सहा जार मांडायचे. सगळ्यांत नदीचं तेच पाणी, तुरटी मात्र पहिल्यापासून सहाव्यापर्यंत चढत्या भाजणीनं. वरून छोटे पंखे आधी जोरात ढवळतात, मग हळू, मग थांबतात. ज्या जारचं पाणी सर्वांत कमी तुरटीत सर्वांत नितळ होईल तो जिंकला. त्याच मापानं मग सगळ्या शहराच्या पाण्यात तुरटी पडते. कोण जिंकलं हे आत्या सांगते.

"कमी पडली तर पाणी गढूळ," ती म्हणते, "आणि जास्त झाली तरी गढूळच. वर तुरट. माणसांसारखंच आहे. समजूत जास्त घातली की पुन्हा बिथरतात."

पंखे थांबल्यावर त्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, दार आपटायचं नाही. झडपांवर काम करणारे काका, ज्यांना सगळे झडपकाका म्हणतात, ते तर दाराबाहेर बूट काढूनच आत येत. आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे सगळे कुजबुजत. हा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहायची गरज पडेल असं कुणी कधी वागलंच नाही.

घरीही तेच. आईबाबांचं वाजलं की आत्या हात वर करायची आणि म्हणायची, "निवळू दे." मग कुणी तो विषय ढवळायचा नाही. या पद्धतीनं आमच्या घरातली जवळजवळ सगळी भांडणं तळाला गेली आहेत. फक्त दोन गोष्टी अजून लटकलेल्या आहेत. एक बाहेरच्या खोलीच्या भिंतींचा रंग आणि दुसरं आत्याचं लग्न. भिंतींचं होईल असं आई म्हणते.

नाटकाच्या तालमीला जाताना तिचा डबा केंद्रावर पोचवायचं काम माझ्याकडे आहे. पण त्या खोलीत मी लहानपणापासून जाते, ते ढगासाठी. सहा जारकडे वळण्याआधी आत्या रोज एक गोष्ट करायची. एका उंच जारमध्ये स्वच्छ पाणी घ्यायची, चमचाभर गाळ कालवायची आणि त्याचा एक थेंब पाण्याच्या वरच्या पातळीवर अलगद सोडायची. डोळा जागेवर यायला, असं ती म्हणायची. गवई आधी आवाज लावतो, तसं.

तो थेंब विस्कटत नाही. सगळे कण मिळून एक ढग होतो आणि ढगच्या ढग खाली निघतो, गोल डोक्याचा, मागे धुरासारखं शेपूट. थोडं खाली गेल्यावर त्याच्या मधोमध खळगा पडतो, ढगाचं कडं होतं. मग ते कडं दोन-तीन ठिकाणी पोट सोडतं, आणि प्रत्येक पोटातून एक नवा छोटा ढग सुटतो. त्याचंही पुन्हा कडं. तळाला पोचेपर्यंत सगळं खानदान झालेलं असतं.

लहानपणी मी विचारलं होतं, "कण इतके बारीक, मग एवढे भराभर कसे पडतात?"

"एकेकटा सोडला तर संध्याकाळपर्यंत लटकेल. घोळक्यानं निघाले की मधलं पाणीही ओढून नेतात बरोबर. गर्दीत सापडलीस की तुला पाय उचलावे लागतात का? आपोआप जातेस ना पुढे?"

"आणि फारच गर्दी झाली तर?"

"मग जिन्यात होतं तसं होतं. खालचं पाणी म्हणतं मला वर येऊ दे, वरचे कण म्हणतात आम्हाला खाली जाऊ दे, आणि कुणीच सरकत नाही. आता गप बस. टेबलाला लागतंय तुझं पोट."

हे सगळं ती एका डोळ्यानं बघायची. जारमागे दिवा, डावा डोळा घट्ट मिटलेला, उजवा काचेला लावलेला, बंदूक रोखावी तसा. नोकरीला लागल्यापासून तिची हीच पद्धत. डाव्या डोळ्याला त्या खोलीत काही काम नव्हतं.

आणि ती विचारायची नाही, सांगायची. "तीन," म्हणायची, आणि तीन. साहेबसुद्धा उलटून विचारत नसत.

मग नवी केमिस्ट आली. माझ्याएवढीच, केस घट्ट बांधलेली, हातात खोक्यात गढूळपणा मोजायचं मीटर. बाटलीत पाणी भरायचं, आत ठेवायचं, बटण दाबायचं, आकडा येतो.

"मावशी, याच्यावर पण घेऊ या का रोज?" तिनं विचारलं. मोठ्यानं. पंखे नुकतेच थांबले होते. झडपकाकांनी डोळे मिटून घेतले.

"मी कुणाची मावशी नाही," आत्या कुजबुजली. "मला बहीण नाही. ही उभी आहे तिची मी आत्या आहे."

"सॉरी. पण आवाजानं पाण्याला काय होतं?"

"पाण्याला काही होत नाही. मला होतं."

काही महिने दोघींचं जमलं. आत्या म्हणायची तीन, मीटरही म्हणायचं तीन. आत्या मीटरकडे हुशार विद्यार्थ्याकडे बघावं तशी बघायची. मग नदी गढुळली, आणि एके सकाळी आत्या म्हणाली चार, मीटर म्हणालं दोन.

"तुझं यंत्र आजारी आहे," आत्या म्हणाली.

केमिस्टनं मीटर तपासलं, पुसलं, पुन्हा लावलं. दोन. दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली पाच. मीटर दोनच म्हणालं.

"हट्टीही आहे," आत्या म्हणाली.

साहेबांनी आत्याचं ऐकलं. इतकी वर्षं तिचंच ऐकलं होतं. शहराला पाच नंबरच्या मापानं तुरटी जाऊ लागली.

त्याच सुमारास आमच्या घरात पेल्यांचं प्रकरण सुरू झालं. आत्या पाण्याचा पेला घ्यायची, दिव्यासमोर धरायची, डावा डोळा मिटायची आणि म्हणायची, "वहिनी, पेला नीट घासलेला नाही."

आई पेला परत न्यायची, घासायची, पुसायची, आणून द्यायची. पेला पुन्हा दिव्यासमोर.

"अजून आहे."

"काय आहे, ताई?"

"पांढरं."

"बरं." आई आत गेली, तोच पेला घेऊन थोडा वेळ ओट्याशी नुसती उभी राहिली आणि बाहेर आली. "घ्या. आता बघा."

"हां. आता जरा बरा आहे."

"हो का? मी हातही लावला नाही त्याला." आई नेहमी आत्याला ताई म्हणते, चिडली की वन्सं. "तुमच्या नजरेपुढे काच तरी किती टिकणार, वन्सं."

आत्या रागावली नाही. उलट आम्हाला केमिस्टची गोष्ट सांगू लागली. त्या पोरीला आपलं यंत्र बिघडलंय हे दिसत नाही, आणि बाईंचा डोळा चुकतोय असं मात्र साहेबांच्या कानावर घालते. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं," आत्या म्हणाली, "स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही."

बाबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. ते उलटं होतं.

दोन्ही डोळे उघडे ठेवून आत्या सुईत दोरा ओवायची, रस्ता ओलांडायची, माझ्या कुडत्यावरचा डाग खोलीच्या पलीकडून हेरायची. त्यामुळे कुणाला काही बोलायला जागा नव्हती. जागा असती तरी कोण बोललं असतं?

बोलला तो चहा. एका सकाळी बाबांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि जिभेनं टाळू चाचपली.

"काय झालं?" आई.

"काही नाही. चहा जरा..." बाबांनी आत्याकडे पाहिलं, मग कपाकडे. योग्य शब्द समोरच बसला होता आणि तो उच्चारायची सोय नव्हती. "जरा कोरडा आहे."

"चहा कोरडा कसा असेल?"

"तुरट आहे, म्हणा ना," आत्या म्हणाली. तिनं स्वतः घोट घेतला, तोंडात घोळवला आणि कप बशीत ठेवला. त्यानंतर ती काही बोलली नाही. आमच्या घरात त्याला मोठी बातमी म्हणतात.

बातमी शहरभर होती. केंद्रावर तक्रारी येऊ लागल्या. तुरटी जास्त झालेलं पाणी गाळण्यांत अडकत होतं, आणि झडपकाका दिवसभर गाळण्या धूत होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते पायरीवर बसून हात बघत होते.

"बघ," ते मला म्हणाले. "माझे हात आता लोणच्यातल्या फोडींसारखे झालेत. तुझ्या आत्याला कुणीतरी सांग."

"तुम्ही सांगा की."

"मला नोकरी आहे अजून."

"मला तिच्याच घरी राहायचंय, काका."

आम्ही दोघांनी हा विषय तिथंच निवळायला ठेवला. पण साहेबांना ते शक्य नव्हतं. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, ती बसली नाही. साहेब म्हणाले, "बाई, उद्या सकाळी काय ते ठरवा. यापुढे त्या टेबलावर मीटरचं चालणार की तुमचं. दोन्ही नाही चालत. लोक हे पाणी पितात."

त्या संध्याकाळी आत्या ओट्याशी उभी राहून आईला भाजी निवडू लागत होती. मदत मागितली नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "माझा डोळा चुकत असेल तर मी त्या टेबलाशी करायचं काय? फुलदाणी होऊन उभं राहायचं?"

"ताई, तुमचा डोळा चुकतोय असं कोण म्हणालं?"

"कुणीच म्हणत नाहीये ना. तेच तर." तिनं एक देठ मोडला. "मी चुकले तर शहर पितंय ते. आणि यंत्र चुकलं, मी मुकाट बाजूला झाले, तरी शहरच पिणार. मग उद्या पाण्यालाच विचारते."

दुसऱ्या दिवशी मी डबा लवकर नेला. नाहीतर तालमीला उशीर होईल असं घरी सांगितलं होतं. खोलीत आत्या, केमिस्ट आणि अनवाणी झडपकाका. पंखे थांबले होते. केमिस्ट मीटर छातीशी धरून उभी होती, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखी.

आत्यानं जारकडे पाहिलंच नाही. आधी उंच जार घेतला, मागचा दिवा लावला, चमच्यात गाळ कालवला. थेंब सोडला. डावा डोळा मिटला, उजवा काचेला लावला.

ढग निघाला. खळगा पडला, कडं झालं, कड्यानं तीन ठिकाणी पोट सोडलं. तीन ढग तळाला गेले, पसरले, बसले. पाणी पुन्हा पाण्यासारखं झालं. आत्या बघतच होती.

झडपकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी केमिस्टकडे. केमिस्टनं मीटरकडे.

मग आत्या कुजबुजली, "पडला का?"

ती विचारत होती. आम्हाला कळेना की उत्तर द्यायचं असतं.

"पडला का, म्हणते मी."

"केव्हाच," केमिस्ट म्हणाली. कुजबुजून.

"सगळा?"

"सगळा, बाई. खाली बसलाय."

"मला अजून दिसतोय." आत्या हलली नाही. "पांढरा. मधोमध. उतरतच नाहीये खाली."

आत्यानं मान जारवरून वळवली, डावा डोळा तसाच मिटलेला, आणि भिंतीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. खिडकीकडे जास्त वेळ. मग केमिस्टच्या चेहऱ्याकडे, मग झडपकाकांच्या. झडपकाका उगाच ताठ उभे राहिले.

"भिंतीवरही आहे," आत्या म्हणाली. "खिडकीत तर फारच. यांच्या तोंडावरही आहे."

"माझ्या?" झडपकाकांनी गाल पुसला.

"म्हणजे पाण्याचा नव्हे." तिनं जरा वेळ घेतला. "हा माझा आहे."

तिनं उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्या डोळ्याला पहिल्यांदाच काम मिळत होतं. ती सहा जारसमोरून एकदा गेली, परत आली.

"दोन," ती म्हणाली. "तुझं यंत्र काय म्हणतं?"

"दोन," केमिस्ट म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, का ते तिचं तिलाच ठाऊक.

"मग उभी काय राहिलीस? तुरटी कमी करायला सांग. आणि रडायचं असेल तर टेबलापासून लांब."

केमिस्ट पळाली. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची पाहुण्यांची होती, तिच्यावर आत्या बसलेली कुणी पाहिली नव्हती. झडपकाका बाहेर गेले आणि बूट हातातच घेऊन बरंच पुढे जाऊन त्यांनी ते घातले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले.

"केव्हापासून दिसत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसतं. गढूळ दिसतं."

"मोतीबिंदू आहे उजव्या डोळ्यात. चांगला पिकलाय. समोर प्रकाश आला की जास्तच त्रास होत असेल."

"मी दिव्यासमोरच बघते. पोट भरायला." आत्यानं विचार केला. "तळाला नाही का बसायचा, आपोआप?"

"नाही. काढावा लागतो."

"काही घालून?"

"नाही हो, शस्त्रक्रिया करून."

"बरं. म्हणजे कणांचा नाही. दुधाचा आहे, तो खाली बसत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्या पाणीखात्यात आहेत.

शस्त्रक्रिया नीट झाली. डोळ्यावर पट्टी घेऊन आत्या घरी बसली. आई वेळेवर औषधाचे थेंब घालायची, आणि प्रत्येक वेळी आत्या विचारायची, "यात तुरटी नाही ना?" विनोद एकच होता, पण तिनं केलेला असल्यामुळे आम्ही दर वेळी हसायचो. कुसळ आणि मुसळ हे दोन शब्द त्या काळात आमच्या घरात कुणी उच्चारले नाहीत. बाबा तर कुस्करणे म्हणायलाही बिचकत.

टेबलावर केमिस्ट एकटी होती. चहा पुन्हा चहासारखा लागायला लागला. आत्यानं एका सकाळी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"पाणी बरं आहे," ती म्हणाली. शेजारच्या मुलाला नोकरी लागल्याचे पेढे खाताना होतो तसा तिचा चेहरा झाला होता.

पट्टी निघाल्यावर ती केंद्रावर गेली त्या दिवशी मी तालीम बुडवली. दारातच साहेब भेटले. "या बाई. आता मीटर आहेच, तुम्ही दगदग करू नका. नुसत्या बसत जा."

"फुलदाणी," आत्या मला म्हणाली आणि आत गेली.

केमिस्ट कुजबुजत बोलत होती. झडपकाकांनी मला सांगितलं की आत्या नव्हती तेव्हाही ती कुजबुजतच होती, आणि दार आपटलं म्हणून एकदा त्यांनाच ओरडली होती. कुजबुजून ओरडली होती.

आत्यानं दिवा लावला. उजव्या डोळ्यानं जारकडे पाहिलं आणि मागे सरली.

"या काचा कोण पुसतं?"

"मीच. रोज," केमिस्ट म्हणाली.

"कशानं? गाळानं?"

मी वाकून पाहिलं. काचेवर खरंच पांढरे ओघळ होते.

"तुमच्याच कपड्यानं पुसते, बाई. त्या खुंटीवरच्या."

आत्यानं खुंटीवरचा कपडा पाहिला. तो उचलून केराच्या डब्यात टाकला आणि पुढे त्याबद्दल बोलली नाही.

काचा पुसल्या. थेंब सोडला. ढग निघाला, कडं झालं, तीन पोटं सुटली, तळाला गेली. "पडला," आत्या म्हणाली. तिनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं.

मग सहा जार. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली. तिसऱ्यापाशी किंचित थांबली. मला वाटलं, आता सांगणार. केमिस्टनं मीटरकडे हात नेला.

"थांब. ते नंतर," आत्या म्हणाली. "आधी तू सांग. तुला काय दिसतं?"

केमिस्टनं माझ्याकडे पाहिलं. मग ती वाकली, डावा डोळा घट्ट मिटला आणि उजवा काचेला लावला. अगदी बंदूक रोखावी तसा.

"दोन्ही उघड," आत्या म्हणाली.

"अं?"

"दोन्ही उघडे ठेवून बघ. एकावर भिस्त ठेवायची नाही."

केमिस्टनं दोन्ही डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. "तीन?" ती म्हणाली.

"विचारू नकोस. सांग."

"तीन."

"घाल आता यंत्रात."

दारात झडपकाका अनवाणी उभे होते. "काय ते लवकर कळू द्या," ते म्हणाले, "शहर खोळंबलंय तिकडे."

"शू," दोघी एकदम म्हणाल्या.